धाकट्या न्यायाधीशाची टोपी

टेलिफोन वाजला तेव्हा लोटे आमन आपल्या काळ्या झग्याची उसवलेली बाही शिवत होती. युद्धात खिडक्यांना लावायच्या काळ्या पडद्यातून तिनं तो झगा बेतला होता. नवा घ्यायला कापडच कुठं मिळत होतं?

"सरकारी वकिलांचं ऑफिस," ती म्हणाली.

"फौजदार झाइट्झ बोलतोय, बाई. स्टेशनामागच्या मालाच्या शेडमध्ये एक बेवारस प्रेत सापडलंय. रशियाच्या कैदेतून सुटून आलेला कुणीतरी. डोकं फुटलंय. कोट, बूट, कागद, सगळं लांबवलंय चोरांनी. रोजचंच झालंय हे. पुरायची परवानगी द्या, म्हणजे मी मोकळा."

"आधी पाहते."

"आज? आज तर तुमचा तो मोठा खटला!"

"कोर्ट भरायला अजून अवकाश आहे, फौजदारसाहेब."

शेजारच्या टेबलाशी सरकारी वकील राउ बार्लीची कॉफी फुंकत बसले होते. सत्तरी गाठलेला, दमेकरी, तोंडानं फटकळ माणूस. लोटेनं प्रेताचं सांगितलं.

"मग? जायचं, की सही करून मोकळं व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"साहेब तुम्ही आहात. तुम्ही सांगा."

"साहेब आहे म्हणूनच शेवटी बोलणार. कोर्टातली जुनी खोड आहे ती. मी आधी तोंड उघडलं की बाकीचे नुसती री ओढतात. तुम्ही बोला."

"जाते."

"जा. मीही तेच म्हणणार होतो."

त्या आठवड्यात आमच्या रोटनाखमध्ये कुणाला बेवारस प्रेताशी देणंघेणं नव्हतं. सगळं गाव लोरिट्झच्या खटल्यात गुंतलं होतं. कायद्याचे डॉक्टर गेरहार्ट लोरिट्झ, युद्धकाळातल्या विशेष न्यायालयाचे माजी प्रमुख. अडीच वर्षांपूर्वी, युद्ध संपत आलं असताना, एप्रिलात, क्साव्हर श्टुर्म नावाच्या आमच्या बेकरीवाल्यानं पुलावर रणगाडे अडवायला रचलेले ओंडके नदीत ढकलून दिले. गावावर तोफा चालू नयेत एवढीच त्याची इच्छा. लोरिट्झनं शाळेच्या व्यायामशाळेत न्यायालय भरवलं आणि संध्याकाळी क्साव्हरला नगरभवनापुढच्या लिंडेनच्या झाडाला फाशी दिलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकन रणगाडे त्याच पुलावरून आले. गोळी एकही सुटली नाही. झाडायला कुणी उरलं होतं कुठं? शूर मंडळी रात्रीच पळाली होती.

दोर झाइट्झनं बांधला होता. तेव्हा तो हवालदार होता. आता फौजदार झाला आहे, कारण गावाला पोलीस लागतोच, आणि स्वच्छ हातांचे पोलीस तेव्हा शोधून सापडत नव्हते. "हुकूम होता मला," एवढं म्हटलं की त्याचं भागायचं.

खटला एकाच प्रश्नावर अडून बसला होता. चुकीचा निकाल दिला म्हणून न्यायाधीशाला शिक्षा होत नाही. पण तीन न्यायाधीशांनी आत जाऊन विचारच केला नसेल, मतंच घेतली नसतील, तर तो निकाल नव्हे. मग तो झगे घालून केलेला खून. आणि खून ठरला, तर दोर बांधणाऱ्याचा हुकूमही हवेत विरतो.

निकालाआधी लोकांना बाहेर काढलं होतं, त्यामुळे आत काय झालं ते फक्त तिघांना ठाऊक. त्यातला म्हातारा थुर्नर छातीच्या दुखण्यानं मेला. धाकटा, फेलिक्स हाझ, त्या एका दिवसापुरता परगावाहून आला होता आणि पुढच्याच आठवड्यात, पूर्वेकडे परतल्यावर, रशियन सैन्याच्या हाती लागला. उरला लोरिट्झ. तो रोज एकच वाक्य म्हणायचा: "बंद दाराआड काय झालं ते न्यायाधीश बोलत नसतो." कायदाही तसाच होता. त्यामुळे लोरिट्झ सुटणार, असं गाव उघड बोलायला लागलं होतं.

क्साव्हरची बायको वाल्बुर्गा मात्र रोज पहिल्या रांगेत येऊन बसायची. तिला लोरिट्झचा जीव नको होता. तिला कोर्टाच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता: खून. कागदोपत्री तिचा नवरा अजून देशद्रोही होता, आणि दफनभूमीच्या भिंतीबाहेर, कचऱ्याच्या ढिगाशेजारी पुरलेला होता.

शेडमध्ये थंडी मी म्हणत होती. प्रेत रिकाम्या पोत्यांवर पालथं पडलं होतं. झाइट्झ हातमोजे चोळत उभा होता.

"सापडलं तेव्हा असंच होतं?" लोटेनं मालधक्क्यावरच्या हमालाला विचारलं.

"अगदी असंच, बाई. शर्ट, विजार आणि मोजे. मी हातसुद्धा लावला नाही. धावत पोलिसात गेलो."

तिनं हमालाच्या मदतीनं ते उताणं करून पाहिलं. तिशी-पस्तिशीचा माणूस, पण वाळून पन्नाशीचा दिसत होता. शर्ट साधा, बटाट्याच्या पोत्यासारखा जाड. कुठलाही मजूर घालतो तसला. आतल्या बाजूला, छातीशी, काहीतरी टोचून ठेवलेलं हाताला लागलं. तिनं पिन काढली. पांढऱ्याशुभ्र कापडाची एक अरुंद पट्टी, व्यवस्थित घडी घातलेली.

"जखमेची पट्टी असेल," झाइट्झ म्हणाला.

"छातीला जखम नाही."

"मग असेल काहीतरी चिंधी. बाई, सही द्या ना. थंडीत जीव चाललाय माझा."

"ह्याचा तर गेलाच आहे. तुम्हाला काय घाई?"

तिनं पट्टी पर्समध्ये ठेवली. चोरांनी शर्ट, विजार आणि मोजे सोडून बाकी सगळं नेलं होतं, ही मात्र ठेवली, कारण ती काय आहे ते त्यांना कळलंच नव्हतं. लोटेला बघताक्षणी कळलं. तिच्या गळ्याला त्या घटकेला तशीच पट्टी बांधलेली होती. झग्याखाली पांढरी गळपट्टी नसेल तर आमच्याकडे ना वकिलाला कोर्टात उभं राहता येतं, ना न्यायाधीशाला बसता येतं.

तिनं सही दिली नाही.

कोर्ट खच्चून भरलं होतं. अध्यक्षस्थानी एंगेलहार्ट होते. जुन्या राजवटीनं तेहतीस साली घरी बसवलेले आणि आता पुन्हा बोलावलेले. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण न्यायाधीश. आरोपीच्या जागी लोरिट्झ ताठ बसला होता, दाढी गुळगुळीत केलेला.

लोटेकडे त्यानं पाहिलंही नाही. छत्तीस साली ती न्यायाधीशाची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन त्याच्याच कोर्टात उमेदवारी करत होती. एक दिवस त्यानं तिला बोलावून सांगितलं होतं, "निकाल बाईच्या आवाजात शोभत नाही. घरी जा." आणि ती खरोखरच घरी गेली होती. त्याचा राग तिच्या मनातून एक दिवसही गेला नव्हता, आणि तो जावा अशी तिची इच्छाही नव्हती.

आरोपीचे वकील डॉक्टर मेर्क उठले. त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

"अध्यक्ष महोदय, आज पहाटे मला टेलिफोनवर एक अत्यंत महत्त्वाची बातमी कळली. सहायक न्यायाधीश फेलिक्स हाझ जिवंत आहेत. ते रोटनाखमध्ये आलेत. ते साक्ष देतील."

सभागृहात गलका झाला. आत आला तो रोडावलेला माणूस. अर्धा चेहरा भाजल्याच्या व्रणांनी ओढला गेलेला. अंगावर कैद्यांचा कापूस भरलेला जाड कोट, पाठीवर रशियन अक्षरं. कोटाची सगळी बटणं तपकिरी, एकच मोठं निळं, बायकांच्या कोटाला असतं तसं. सुटकेचा कागद त्यानं पुढं केला. त्यावर फोटो नव्हता. तेव्हा असायचाही नाही.

शपथ झाली. मेर्कनी विचारायला सुरुवात केली.

"त्या दिवशी तुम्ही तिघं विचारविनिमयासाठी आत गेलात?"

"गेलो. नकाशे ठेवायच्या खोलीत. दार लावून घेतलं."

"बराच वेळ?"

"बराच. घाई कसली नव्हती."

"मग काय झालं?"

"मतं घेतली. आधी लोरिट्झसाहेबांनी स्वतःचं दिलं. म्हणाले, जन्मठेप पुरे. मग थुर्नरसाहेब म्हणाले, फाशी. शेवटी माझी पाळी. मी नवखा, घाबरट. मीपण फाशी म्हणालो. दोन विरुद्ध एक झालं. साहेबांचा नाइलाज झाला हो."

लोटे लोरिट्झकडे पाहत होती. साक्षीदार आत आला तेव्हाही त्याचा चेहरा हलला नव्हता. आता मात्र, पावाच्या घासात खडा लागावा तसं त्यानं क्षणभर तोंड वाकडं केलं. आपल्या बाजूची साक्ष ऐकताना कुणी तोंड वाकडं करतं का?

"हा तो नव्हे!"

वाल्बुर्गा उभी राहिली होती.

"खोटारडा आहे हा! तो धाकटा असा नव्हता. मी पाहिलाय त्याला!"

"बाई, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" एंगेलहार्टनी शांतपणे विचारलं.

"दाराशी. पुढं येऊ देत होते का मला?"

"उजेड होता?"

"दोन कंदील होते."

"आणि ह्या गृहस्थांचा चेहरा मध्यंतरी भाजलाय. तुमचं दुःख मला कळतं, पण एवढ्यावर मी काय करू?"

"काही करू नका! तुम्ही झगेवाले कधी काय करता?" वाल्बुर्गा मटकन खाली बसली. ती रडली नाही. रडण्याचा तिला कंटाळा आला होता.

अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी दिली. साक्षीदाराला कोर्टाच्या शिपायाच्या ताब्यात बसवून ठेवावं, अशी लोटेनं मागणी केली, आणि ती मान्य झाली. दुपारनंतर शेवटचे युक्तिवाद व्हायचे होते. म्हणजे लोटेच्या हातात जेवायचा वेळ तेवढा होता. ती जेवली नाही. ती वाल्बुर्गाला हाताला धरून इस्पितळाच्या प्रेतघरात घेऊन गेली.

चादर बाजूला केली. वाल्बुर्गानं वाकून पाहिलं.

"कोण आहे हा?" लोटेनं विचारलं.

"हाच तो. धाकटा. कोणी मारलं ह्याला?"

"कंदिलाच्या उजेडात पाहिलेला माणूस इतक्या दिवसांनी ओळखता? मेर्क विचारतील."

"विचारू दे की! निकाल सांगताना तिघांनी टोप्या घालायच्या असतात ना? त्या दोघांनी घातल्या. हा टोपी हातात धरून बसला होता. मी म्हटलं, ह्याला अजून काही विचारायचं असेल, म्हणून थांबलाय. मी सारखी ह्याच्याच तोंडाकडे बघत होते, आमनबाई. वाटलं, हा आता काहीतरी बोलेल."

"बोलला?"

"नाही. लोरिट्झ निकाल वाचायला लागला तेव्हा हा नुसता त्याच्याकडे वळून बघत राहिला. आपल्याला न सांगता घर विकलं की माणूस बघतो ना, तसा."

लोटेनं पर्समधली गळपट्टी काढून तिच्या हातात दिली.

"ही त्यानं छातीशी टोचून आणली होती. तो आता बोलायला आला होता, वाल्बुर्गाबाई."

वाल्बुर्गानं पट्टीवरून बोट फिरवलं. "उशीर केला मेल्यानं," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

परतणारे कैदी गाडीतून उतरले की पहिल्यांदा जातात ते स्टेशनातल्या चर्चच्या मदतखोलीत. तिथं सिस्टर आडेलगुंड सूप वाढतात. लोटे आत गेली तेव्हा त्या भलंमोठं पातेलं घासत होत्या.

"सिस्टर, काल संध्याकाळच्या गाडीनं कुणी आलं होतं?"

"एकच. फार सभ्य होता बिचारा. सूप पिताना टेबलावर सांडलं तर स्वतः पुसलं. त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं, तेवढ्यात मी लावून दिलं."

"कुठलं बटण?"

"माझ्या डब्यात एकच मोठं होतं. निळं. तो म्हणाला, उद्या मला कोर्टात जायचंय, आणि हे असं निळं? मी म्हटलं, बाबा, ऊब रंग बघत नाही."

"चेहरा भाजलेला होता?"

"छे, छे. हाडकुळा होता, पण चेहरा साफ."

"मग गेला कुठं?"

"मी पलंग देत होते. पण म्हणाला, आधी पोलिसात नाव नोंदवतो, मग झोपतो. गावात आल्याबरोबर नोंदणी करायची असा नियम आहे म्हणे. मी म्हटलं, अरे, सकाळी जा की. तर म्हणाला, सिस्टर, मी न्यायाधीश आहे, नियम मीच मोडू?" त्यांनी पातेलं उपडं घातलं. "परत आलाच नाही. मी पलंगावर गरम वीट ठेवली होती."

"आज पोलिसांनी येऊन काही चौकशी केली?"

"इथं? कुणी फिरकलं नाही. का गं?"

"हात पुसा, सिस्टर. तुम्हाला माझ्याबरोबर यायचंय."

दुपारी कोर्ट भरलं तेव्हा झाइट्झ दाराशी, बंदोबस्ताच्या जागी उभा होता. राउ उठले, खोकले आणि म्हणाले, "सरकारतर्फे प्रश्न माझ्या सहायक विचारतील. मी शेवटी बोलेन. गरज पडली तर."

लोटे पुढं आली. पडद्याच्या कापडाचा झगा, नीट शिवलेली बाही.

"साक्षीदार, तुमच्या कोटाचं निळं बटण कुणी लावलं?"

"बटण?" त्या माणसानं खाली पाहिलं. "हे होय... छावणीत. एका सोबत्यानं."

"नीट आठवा. शपथेवर आहात."

"छावणीतच. सांगितलं ना."

"सिस्टर आडेलगुंड?"

मागून सिस्टरचा आवाज आला. "बटण मी लावलं. काल संध्याकाळी. आणि ज्याच्या कोटाला लावलं तो हा नाही. तो इस्पितळात चादरीखाली आहे. मी आत्ताच बघून आले."

मेर्क बसल्या जागी पांढरे पडले. त्या माणसाचा हात आपोआप बटणावर गेला.

लोटे त्याला तिथंच सोडून आरोपीकडे वळली.

"डॉक्टर लोरिट्झ, हाझ तुमच्या शेजारी बसले होते. हा माणूस हाझ नाही हे तुम्हाला तो दारातून आला तेव्हाच कळलं. तुमच्यादेखत खोटी शपथ झाली. आयुष्यभर न्यायाधीश होतात. गप्प कसे बसलात?"

"आरोपीवर बोलायची सक्ती नसते. तुम्ही विसरलेल्या दिसता."

"मग खटल्याचं नको. नुसतं कायद्याचं विचारते. तीन न्यायाधीश मत देतात तेव्हा आधी कोण देतो?"

लोरिट्झ तुच्छतेनं हसला. "हे पहिल्या वर्षाच्या पोरांना येतं."

"बाईला येत नसेल. तुम्ही सांगा."

"सगळ्यात धाकटा आधी. अध्यक्ष सगळ्यात शेवटी. मोठ्याच्या मताचं लहानावर दडपण येऊ नये म्हणून."

"आणि ह्या साक्षीदारानं सांगितलं की तुम्ही आधी दिलंत, आणि धाकट्यानं शेवटी."

"मूर्खासारखं बोलला तो."

"म्हणजे तुमच्या कोर्टात मतं उलटी घेतली जायची? इतका भोंगळ कारभार? साधा क्रम तुम्हाला सांभाळता येत नव्हता?"

"डॉक्टरसाहेब, बोलू नका!" मेर्कनी त्याची बाही ओढली.

लोरिट्झनं बाही सोडवून घेतली. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याला खुनी म्हटलेलं त्यानं तीन आठवडे ऐकून घेतलं होतं. भोंगळ म्हटलेलं मात्र त्याच्यानं ऐकवलं नाही, आणि तेही ह्या बाईच्या तोंडून.

"माझ्या कोर्टात क्रम कधीही चुकला नाही! त्या दिवशी मतं उलटी घेतलेली नाहीत."

"मग सुलटी घेतलीत? हाझना आधी विचारलंत?"

"हाझला? तोफा ऐकू येत होत्या. दोर टांगून तयार होता. त्या पोराला काय विचारायचं होतं?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. तो हळूहळू मागं टेकला.

"इतके दिवस म्हणत होता, बंद दाराआडचं गुपित आहे," लोटे म्हणाली. "गुपित असायला दाराआड कुणी जावं लागतं, डॉक्टर. तुम्ही जागेवरून उठलाच नव्हता. हाझ टोपी हातात धरून बसले होते, कारण ते आत जायची वाट बघत होते. हेच सांगायला ते रशियातून इथवर आले."

"आमनबाई," एंगेलहार्ट पुढं झुकले, "मग हाझना मारलं कुणी?"

"सांगते. हाझ न्यायाधीश होते, आणि न्यायाधीशाची शिस्तच त्यांना नडली. काल ते सरळ आमच्या ऑफिसात आले असते तर जिवंत असते. पण नियमाचा माणूस. आधी पोलिसात गेले. टेबलामागं बसलेल्यानं विचारलं असेल, गावात कशासाठी आलात? त्यांनी खरं सांगितलं. त्यांना खरंच सांगायची सवय.

"ऐकणाऱ्याला कळलं, की हा माणूस कोर्टात उभा राहिला तर तो निकाल म्हणजे खून ठरणार, आणि दोर बांधणाराही खुनी ठरणार. त्यानं त्यांना झोपायची जागा दाखवतो म्हणून शेडमध्ये नेलं. मग त्याला दुसरी गोष्ट सुचली. हाझना गावात कुणी ओळखत नाही. कागदावर फोटो नाही. मग हाझ आपलाच का नसावा? ओळखीचा एक भाजका चेहरा होता, त्याला कोट चढवला आणि रातोरात धडा शिकवला. चुकला तिथंच. मला आधी वाटलं, हा धडा मेर्कनी दिला असेल, नाहीतर लोरिट्झनी तुरुंगातून. पण आम्हा झगेवाल्यांपैकी कुणीही, झोपेत उठवून विचारलं तरी, अध्यक्षाचं मत आधी सांगणार नाही. शिकवणारा अशा ठिकाणचा होता जिथं साहेब आधी बोलतो आणि खालचे माना डोलावतात."

तिनं दाराकडे पाहिलं.

"फौजदारसाहेब, आज सकाळी टेलिफोनवर तुम्ही काय म्हणालात? रशियाच्या कैदेतून सुटून आलेला कुणीतरी. कशावरून?"

"म्हणजे काय!" झाइट्झ हसला. "कोटावरून. पाठीवर ही एवढी अक्षरं..."

त्याचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"कुठला कोट?" लोटेनं विचारलं. "हमालानं पाहिलं तेव्हा अंगावर शर्ट होता. कोट चोरीला गेला असं तुम्हीच म्हणालात. स्टेशनातल्या सिस्टरना तुम्ही विचारलं नाही. कोट तुम्ही पाहिला तो माणूस जिवंत असताना. नाहीतर तो ह्याच्या अंगावर चढवताना."

झाइट्झ वळला. दाराआडून त्याच्याच हाताखालचा हवालदार आत आला होता, तो बाजूला झाला नाही.

"मला फक्त एवढं पाठ करायला सांगितलं!" कोटातला माणूस ओरडला. "मेल्याचं मला ठाऊक नव्हतं! कोट त्यांनीच दिला!"

"हुकूम होता मला!" झाइट्झ किंचाळला. "न्यायाधीशानं निकाल दिला, मी अंमल केला. माझा काय दोष?"

"निकालच नव्हता, झाइट्झ," लोटे म्हणाली. "आणि हाझना मारायचा हुकूम कुणाचा होता?"

त्याला बेड्या घातल्या तेव्हा त्यानं लोरिट्झकडे पाहिलं. लोरिट्झनं मान फिरवली.

युक्तिवाद फार लांबले नाहीत. राउ शेवटी उठले, "माझ्या सहायक बोलल्यात. मला भर घालायची नाही," एवढंच म्हणाले आणि बसले. एंगेलहार्ट आणि दोन तरुण न्यायाधीश उठून आत गेले. दार लागलं.

खूप वेळ गेला. खिडक्यांबाहेर दिवे लागायला आले. लोक चुळबुळ करायला लागले. वाल्बुर्गा लोटेशेजारी येऊन बसली. तिच्या मुठीत अजून ती गळपट्टी होती.

"एवढा काय वेळ?" ती म्हणाली. "सगळं तर ऐकलं त्यांनी. आत करतायत तरी काय?"

"विचारतायत एकमेकांना. धाकट्यापासून."

वाल्बुर्गानं शाल नीट लपेटून घेतली.

"मग लागू दे वेळ," ती म्हणाली.

दार उघडलं. तिघं आले, तिघांनी टोप्या घातल्या. सगळं सभागृह निकाल ऐकायला उभं राहिलं. लोरिट्झ मात्र बसून राहिला, हाताची घडी घालून, समोरच्या भिंतीकडे बघत. शिपाई त्याच्याकडे निघाला, पण त्याआधीच वाल्बुर्गा बोलली. आवाज चढला नव्हता. सकाळी दुकानात गिऱ्हाइकाला रांगेत उभं करताना असतो, तसाच होता.

"उठा. माझ्या नवऱ्याला उभं केलं होतंत. तुम्हीही उभं राहून ऐका."

एंगेलहार्टनी हातातला कागद खाली केला आणि ते थांबले. दोन्ही तरुण न्यायाधीशही थांबले.

लोरिट्झ उठला. मग अध्यक्षांनी वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्यात तो शब्द होता.